हृदयातील न दिसणारी छिद्रे : मानवी शरीर माणसाला कसे कळत गेले

माणसाच्या हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांमध्ये स्नायूंची एक जाड भिंत असते. निरोगी प्रौढ माणसाच्या हृदयात या भिंतीतून रक्ताचा थेंबही पलीकडे जात नाही. तरीही सुमारे चौदाशे वर्षे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना असे शिकवले जात होते की या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. या काळात हृदये कापून पाहिलीच गेली नाहीत, असे नाही. ती पाहिली गेली, भिंत बोटांनी चाचपली गेली, छिद्रे सापडली नाहीत, आणि तरी ती असलीच पाहिजेत असे मानले गेले. मानवी शरीराच्या अभ्यासाचा इतिहास नीट कळायचा असेल, तर ही छिद्रे विद्वानांना का हवी होती हे आधी पाहावे लागते.

त्यापूर्वी दोन शास्त्रांमधला फरक स्पष्ट करून घेऊ. कोणता अवयव कोठे आहे, त्याचा आकार कसा आहे आणि तो कशाकशाला जोडलेला आहे, याचा अभ्यास म्हणजे शरीररचनाशास्त्र. तोच अवयव काय काम करतो आणि कसे करतो, याचा अभ्यास म्हणजे शरीरक्रियाशास्त्र. रचना मृत शरीर उघडून पाहता येते. क्रियेची अडचण अशी की शरीर निर्धास्तपणे उघडता येते तेव्हा ती थांबलेली असते. थांबलेला रहाट कितीही बारकाईने पाहिला, तरी तो कोणत्या दिशेने फिरत होता आणि तासाला किती पाणी उपसत होता, हे त्यावरून सहज सांगता येत नाही. या दोन शास्त्रांच्या वयात जे अंतर पडले, त्याचे मूळ या अडचणीत आहे.

शरीराच्या आत डोकावण्याची पहिली संधी माणसाला जखमांनी दिली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० या काळातील एका इजिप्शियन पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदावर, दुखापतींच्या ४८ प्रकरणांची नोंद आहे. त्यात फुटलेल्या कवटीतून दिसणाऱ्या मेंदूच्या वळ्यांना वितळत्या तांब्यावर उठणाऱ्या सुरकुत्यांची उपमा दिलेली आहे. लिहिणाऱ्याने मेंदू स्वतः पाहिला असल्याखेरीज अशी उपमा सुचणार नाही.

मुद्दाम शव घेऊन ते थराथराने पाहण्याची पद्धत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितली आहे. शव सर्व अवयवांनी पूर्ण असावे, ते विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेल्या माणसाचे नसावे, आतड्यांतील मळ काढून टाकावा, मग मुंज, कुश किंवा ताग यांसारख्या वस्तूंनी ते गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावे आणि संथ वाहणाऱ्या पाण्यात आडोशाच्या जागी सोडावे. सात रात्रींनंतर चांगले मऊ झालेले शव बाहेर काढून वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत जावे आणि त्वचेपासून आतपर्यंतचे सर्व भाग डोळ्यांनी पाहावेत. प्रत्यक्ष पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले या दोहोंचा मेळ घातल्यानेच ज्ञान वाढते, असे या अध्यायाच्या शेवटी स्पष्ट म्हटले आहे. या पद्धतीला मर्यादा होत्याच, कारण पाण्यात कुजलेल्या शवातले नाजूक भाग टिकत नाहीत. सुश्रुताने हाडांची संख्या ३०० सांगितली आहे आणि आज ती प्रौढ माणसात २०६ मानली जाते. पण या आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नाही, कारण त्या मोजणीत दातांचा आणि काही कूर्चांचाही समावेश होता.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हेरोफिलस आणि इरॅसिस्ट्रॅटस या दोन ग्रीक वैद्यांना मानवी शवे उघडण्याची मुभा मिळाली. बुद्धीचे स्थान हृदयात आहे आणि मेंदूचे काम रक्त थंड ठेवण्याचे आहे, असे ॲरिस्टॉटलचे मत होते; हेरोफिलसने चेतातंतू मेंदूपर्यंत शोधत नेले आणि बुद्धीचे स्थान मेंदूत असल्याचे सांगितले. इरॅसिस्ट्रॅटसने हृदयाच्या झडपांचे वर्णन केले. या दोघांनी जिवंत कैद्यांची शरीरे उघडली, असा आरोप पुढे एका रोमन लेखकाने केला. तो खरा की खोटा यावर आजही वाद आहे, परंतु ज्ञानाची ओढ माणसाला कोठवर नेऊ शकते हा प्रश्न या शास्त्राच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे. पुढे ही मुभा संपली आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात मानवी शवविच्छेदन शतकानुशतके बंद राहिले.

या बंदीच्या काळातच गेलेन हा ग्रीक वैद्य होऊन गेला. तो इसवी सन १२९ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील पर्गामम येथे जन्मला. ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे आखाड्यात लढणाऱ्या योद्ध्यांच्या, जखमांवर उपचार करताना त्याने जिवंत माणसांचे स्नायू आणि रक्तवाहिन्या पाहिल्या. मानवी शव उघडणे शक्य नसल्यामुळे उरलेली रचना तो माकडे, डुकरे आणि बैल यांच्यावरून शिकला. गेलेनला केवळ चुकांचा धनी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. रोहिण्यांमध्ये, म्हणजे हृदयातून बाहेर जाणाऱ्या वाहिन्यांमध्ये, हवा असते, हे इरॅसिस्ट्रॅटसचे मत त्याने प्रयोगाने खोडून काढले. जिवंत प्राण्याच्या रोहिणीला दोन ठिकाणी दोरा बांधून मधला भाग कापला, तर आत रक्तच सापडते, हे त्याने दाखवले. ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतील एक बारीक चेतातंतू बांधताच त्याचा आवाज बंद पडतो, हा त्याचा आणखी एक प्रयोग, आणि आवाजाची सूत्रे मेंदूच्या हाती असल्याचा तो सज्जड पुरावा होता.

मात्र रक्ताविषयी त्याने उभी केलेली मांडणी वेगळी होती. त्याच्या मते खाल्लेल्या अन्नाचा रस यकृतात जातो आणि तेथे त्याचे गडद रक्त बनते. हे रक्त शिरांमधून सर्व अवयवांकडे जाते आणि शेताला दिलेले पाणी जमिनीत जिरावे तसे तेथे जिरून जाते. यकृत रोज नवे रक्त तयार करते आणि शरीर ते रोज वापरून टाकते, त्यामुळे ते परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रोहिण्यांमधले लालभडक रक्त मात्र हृदयाच्या डाव्या कप्प्यात, फुप्फुसांतून आलेल्या हवेच्या संयोगाने तयार होते. आता डाव्या कप्प्यात हवेशी संयोग होण्यासाठी रक्त हवे, आणि रक्त तर उजव्या कप्प्यात येते. मग ते पलीकडे जाणार कसे? त्यासाठी ती छिद्रे हवी होती. ती कोणाला दिसली नव्हती. मांडणीतली एक फट बुजवण्यासाठी ती मानावी लागली होती. संपूर्ण मांडणी मात्र इतकी सुसंगत होती, भूक, पोषण, श्वास आणि शरीराची ऊब या साऱ्यांचा उलगडा ती इतक्या सहज करत होती, की एका भिंतीतली छिद्रे दिसत नाहीत म्हणून ती मोडीत काढावी असे कोणाला वाटले नाही.

या भिंतीला छिद्रे नाहीत असे लेखी सांगणारा सर्वांत जुना ज्ञात वैद्य म्हणजे इब्न अल-नफीस. तो दमास्कसमध्ये शिकला आणि कैरोमध्ये नावारूपाला आला. १२४२ मध्ये लिहिलेल्या एका भाष्यात त्याने म्हटले की हृदयाची ही भिंत भरीव आहे, त्यामुळे उजव्या कप्प्यातील रक्त फुप्फुसांत जाऊन, तेथे हवेत मिसळूनच डावीकडे येत असले पाहिजे. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. दुर्दैवाने त्या भाष्याकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष गेले नाही आणि १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित सापडले, तेव्हाच त्याचे महत्त्व जगाला कळले.

युरोपात मानवी शवविच्छेदनाला पुन्हा सुरुवात झाली ती इटलीतील विद्यापीठांत. बोलोन्याच्या मोंदिनोने १३१६ मध्ये विच्छेदनाची मार्गदर्शिका लिहिली. तीत सर्वप्रथम पोट, मग छाती, मग डोके आणि शेवटी हातपाय असा क्रम होता, कारण शव टिकवण्याचे साधन नव्हते आणि पोटातील अवयव सर्वांत आधी कुजतात. पुढे या विच्छेदनांना एक ठरीव रूप आले. प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचत, खाली एक सहायक सुरी चालवी आणि दुसरा काठीने अवयव दाखवी. वाचणाऱ्याचा हात शवाला लागत नसे आणि कापणाऱ्याला ग्रंथाची लॅटिन भाषा बहुधा कळत नसे. ग्रंथात एक आणि शवात दुसरे असे दिसले, तर शवात काही विकृती असावी किंवा ग्रंथाच्या प्रतीत लेखनिकाची चूक झाली असावी, असा अर्थ लावला जाई.

आंद्रेयास व्हेसॅलियस १५३७ मध्ये इटलीतील पादुआ येथे शिकवू लागला तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता. त्याने आसन सोडले, खाली उतरून सुरी स्वतःच्या हातात घेतली आणि विद्यार्थ्यांना शवाजवळ बोलावले. १५४० मध्ये बोलोन्या येथे त्याने माणसाचा आणि माकडाचा सांगाडा शेजारी शेजारी उभा केला आणि गेलेनने केलेले वर्णन कोणत्या सांगाड्याशी जुळते, ते दाखवून दिले. गेलेनने मानवी शव कधी उघडलेच नव्हते, ही गोष्ट ग्रंथांवर पोसलेल्या त्या पिढीला मोठा धक्का देणारी होती. १५४३ मध्ये बाझेल येथे छापलेल्या व्हेसॅलियसच्या सचित्र ग्रंथात गेलेनच्या दोनशेहून अधिक चुका दुरुस्त केलेल्या होत्या. खालच्या जबड्याचे हाड प्रौढ माणसात एकच असते, दोन नव्हे. बैल आणि मेंढी यांच्या मेंदूच्या तळाशी असणारे रक्तवाहिन्यांचे जाळे माणसात नसते. पॅरिसमधील त्याचे गुरू सिल्व्हियस यांनी उत्तर दिले की गेलेन चुकलेला नाही, त्याच्यानंतर माणसांची शरीरेच बदलली आहेत. त्या छिद्रांविषयी मात्र व्हेसॅलियसही पहिल्या आवृत्तीत सावधपणे बोलला. भिंतीतून रक्त झिरपते ही ईश्वराची अगाध लीला आहे, असे म्हणून त्याने विषय सोडला. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने मोकळेपणाने लिहिले की या भिंतीतून रक्ताचा कणही कसा जाऊ शकेल, हे आपल्याला समजत नाही. गेलेनच्या दोनशे चुका दाखवणाऱ्या माणसालाही हे एक वाक्य लिहायला बारा वर्षे लागली.

ज्या शवांवर हे ज्ञान उभे राहिले ती कोणाची होती, हेही सांगितले पाहिजे. ती बहुतांशी फाशी दिलेल्यांची आणि ज्यांच्यामागे विचारणारे कोणी नाही अशा गरिबांची होती. व्हेसॅलियसने स्वतः तरुणपणी गावाबाहेर टांगलेल्या गुन्हेगाराचा सांगाडा लपवून आणला होता. पुढे वैद्यकीय शाळा वाढल्या, शवांची मागणी वाढली आणि ब्रिटनमध्ये कबरी उकरून शवे विकण्याचा धंदा सुरू झाला. १८२८ मध्ये एडिंबरा येथे बर्क आणि हेअर या दोघांनी शवाचे पैसे मिळवण्यासाठी सोळा खून केल्याचे उघड झाले. १८३२ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला खरा, पण त्याने निराधारांच्या आश्रयगृहांत आणि रुग्णालयांत मरण पावलेल्या बेवारस गरिबांची शवे शाळांना उपलब्ध करून दिली. म्हणजे चोरी थांबली तरी भार पूर्वीच्याच माणसांवर राहिला. स्वेच्छेने देहदान करण्याची रीत त्यानंतर हळूहळू रुजली. रचनाशास्त्राच्या प्रत्येक पानाखाली ही नाव नसलेली माणसे आहेत, आणि त्यांची आठवण न ठेवता हा इतिहास सांगणे मला अपुरे वाटते.

आता पुन्हा रक्ताकडे वळू. १५९० च्या दशकात पादुआ येथे फॅब्रिशियस या प्राध्यापकाच्या पुढाकाराने एक कायमस्वरूपी विच्छेदनगृह उभे राहिले, ते आजही तेथे आहे. एखाद्या अरुंद नरसाळ्यासारखी त्याची रचना आहे. तळाशी शवाचे मेज आणि त्याभोवती एकावर एक सहा लंबवर्तुळाकार सज्जे, ज्यांच्या कठड्याला टेकून विद्यार्थी उभे राहत. येथे फॅब्रिशियस शिरांमधील झडपा दाखवत असे. त्याची समजूत अशी होती की सगळे रक्त हातापायांकडे उतरून तेथेच साचू नये, म्हणून या झडपा त्याचा वेग कमी करतात. त्याच्या विद्यार्थ्यांत विल्यम हार्वे नावाचा एक इंग्रज तरुण होता, जो १६०२ मध्ये पदवी घेऊन मायदेशी परतला. रक्ताभिसरणाची कल्पना कशावरून सुचली, असे त्याला उतारवयात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने विचारले, तेव्हा त्याने या झडपांचेच नाव घेतले.

हार्वेचा प्रयोग वाचकाला स्वतःच्या हातावर पाहता येईल. हात थोडा वेळ खाली सोडला की पुढच्या हातावर शिरा उठून दिसतात आणि त्यांच्यावर कोठे कोठे बारीक गाठीसारखे फुगवटे दिसतात. तेथे झडप असते. अशा एका लांब शिरेवर पंजाच्या बाजूला एक बोट हलके दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने, पुढच्या फुगवट्याच्या पलीकडे सारावे. मधला भाग रिकामा होऊन सपाट दिसतो. आता वरचे बोट उचलले तरी रक्त खाली उतरत नाही, झडपेपाशी अडते. खालचे बोट उचलताच मात्र ती शिर पंजाकडून झरकन भरते. म्हणजे झडपा रक्ताचा वेग कमी करत नाहीत. त्या रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात. गेलेनच्या मांडणीप्रमाणे शिरांनी रक्त अवयवांकडे पोचवायला हवे होते. शिरा तर नेमके उलटे काम करत होत्या.

याहून मोठा घाव हार्वेने साध्या गुणाकाराने घातला. हृदयाच्या एका ठोक्याला अर्धा औंस, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम रक्त बाहेर पडते असे त्याने धरले आणि अर्ध्या तासात ठोके केवळ १००० धरले. दोन्ही आकडे त्याने मुद्दाम कमी घेतले होते. तरीही अर्ध्या तासात सुमारे १५ किलो रक्त हृदयातून बाहेर पडते, असे उत्तर येते. संपूर्ण शरीरातही इतके रक्त नसते. प्रौढ माणसात ते साधारण ५ लिटर असते. कोणतेही यकृत खाल्लेल्या अन्नापासून अर्ध्या तासात इतके रक्त बनवू शकणार नाही आणि कोणतेही शरीर ते जिरवू शकणार नाही. उरतो तो एकच मार्ग, तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. त्याच्याआधीच्या विद्वानांनी रक्त कोठून येते, कोठे जाते आणि कशासाठी जाते हे विचारले होते. किती जाते, हे मोजून कोणी विचारले नव्हते. माझ्या मते या संपूर्ण इतिहासात याहून महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

१६२८ मध्ये हे सारे सत्तरेक पानांच्या एका लहान लॅटिन ग्रंथात प्रसिद्ध झाले आणि पॅरिसमधील रिओलांसारख्या नामवंत प्राध्यापकांनी त्याला कडाडून विरोध केला. हार्वेच्या साखळीत एक कडी राहिली होती, हेही खरे आहे. रोहिण्यांतले रक्त शिरांमध्ये कोठून शिरते, हे त्याला दिसले नव्हते. असा मार्ग असलाच पाहिजे, एवढेच तो सांगत होता. म्हणजे त्यालाही एक न दिसणारी वाट मानावी लागली होती. फरक इतकाच की हार्वेची वाट पुढे सापडली. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्याला रोहिण्या व शिरा यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्या दिसल्या. हार्वेच्या मृत्यूला तेव्हा चार वर्षे झाली होती.

एकदा मोजमाप सुरू झाल्यावर शरीरक्रियाशास्त्राने वेग घेतला. लाव्हाझिये आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८० च्या दशकात एका गिनी पिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, वितळलेल्या बर्फावरून त्याच्या शरीराची उष्णता मोजली आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष काढला. अमेरिकेत १८२२ मध्ये ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली आणि बरे झाल्यावरही त्याच्या जठराला बाहेरून एक छिद्र राहून गेले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे त्यातून आत सोडून पचनाला किती वेळ लागतो ते पाहिले. शास्त्राला त्यातून खूप काही मिळाले, पण त्या गरीब तरुणाला वर्षानुवर्षे प्रयोगाची वस्तू होऊन राहावे लागले.

गेलेनच्या मांडणीचे केंद्र असलेल्या यकृताचे काय झाले? क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांचे रक्त तपासले, तेव्हा यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. अन्नात साखर नसताना ती आली कोठून? १८५५ मध्ये त्याने ताजे यकृत पाण्याच्या धारेने आतून इतके धुतले की त्यात साखरेचा अंशही उरला नाही, आणि ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्याच यकृतात पुन्हा साखर होती. यकृत रक्त तयार करत नव्हते, ते साखर साठवून गरजेप्रमाणे रक्तात सोडत होते. शरीरातल्या पेशी बाहेरच्या हवामानात राहत नाहीत, त्यांच्याभोवतीच्या द्रवात राहतात, आणि तो द्रव शरीर स्वतःच स्थिर राखते, असा विचार बेर्नारने यातून पुढे नेला.

१९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याचे सर्व चेतातंतू तोडले. केवळ रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. मग त्या तुकड्यात आम्ल सोडले. चेतातंतू नसताना निरोप पोचायला नको होता, तरी काही मिनिटांतच स्वादुपिंडातून रस वाहू लागला. त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात घोटले आणि तो अर्क गाळून शिरेत सोडला, तेव्हाही रस वाहू लागला. निरोप रक्तातून गेला होता. ज्या रक्ताला गेलेनने शेतात जिरणारे पाणी मानले होते आणि हार्वेने फिरताना मोजले होते, ते फिरता फिरता एका अवयवाचा निरोप दुसऱ्याला पोचवतही होते. असे निरोप नेणाऱ्या रसायनांसाठी स्टार्लिंगने १९०५ मध्ये ‘हार्मोन’ हे नाव वापरले, जे चेतवणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आले आहे. मराठीत त्यांना आपण संप्रेरके म्हणतो.